पांदण, समृद्धी आणि मनीषनगर: एकाच टायरात जमते का?

काटोलनाका_७२ · २७ एप्रिल २०२५, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचतो आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी जुनी स्कॉर्पिओ, ताकद फक्त मागच्या चाकांना, फोर बाय फोर नाही. टायर २३५/६५ आर १७. ५४ हजार किलोमीटर झाले, झिजेची खूण वर आली, म्हणजे आता चालढकल नाही. वापर असा: सोमवार ते शुक्रवार नागपुरात मनीषनगर ते मिहान. महिन्यातून दोनदा काटोल तालुक्यातलं वावर. दोन महिन्यांतून एकदा समृद्धीने संभाजीनगर, मुलगी तिथे शिकते. वावराला जायला डांबरी सोडल्यावर ३ किलोमीटर पांदण, म्हणजे शेताची कच्ची वाट आहे. संत्र्याची बाग असल्यामुळे पाऊस म्हणून घरी बसता येत नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये फसलो. शेजारच्या पाटलांच्या ट्रॅक्टरने ओढून काढलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पण गावभर सांगितलं. ते जास्त महाग पडलं.

दुकानदार म्हणतो एटी (ऑल-टेरेन) टाका. मेव्हणा म्हणतो एमटी (मड-टेरेन) टाक, गाडी कशी जीपसारखी दिसेल. बायको म्हणते गाडी विका. तुम्ही काय म्हणता?

तर्रीपोहे · रात्री ९:२०

मी पैला! वहिनींच्या मताला +१.

रबरबुवा · रात्री ९:५८

१४ वर्षं टायरच्या दुकानात काढली, आता काउंटर सोडलाय. विकायला काही नाही, त्यामुळे मोकळं बोलतो.

एचटी (हायवे-टेरेन) हा रस्त्याचा टायर. खाचा बारीक, ठोकळे जवळजवळ, आवाज कमी, ओल्या डांबरावर ब्रेक चांगला. एमटी चिखलाचा. ठोकळे मोठे आणि मधल्या फटीत बोट जाईल एवढी जागा. चाक जोरात फिरलं की फटीतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळ्याला पुन्हा जमीन सापडते, हीच त्याची करामत. पण हाच टायर वर्धा रोडवर ८० च्या पुढे न्या, पिठाची गिरणी सुरू. आणि जमिनीला टेकणारं रबरच कमी असल्याने पावसात सिग्नलला थांबायला जास्त अंतर लागतं. ट्रॅफिकमध्ये जीपसारखं दिसून काय करायचं, पुढच्याच्या डिकीत घुसल्यावर?

एटी मधला भाऊ. पण एटीतही दोन जाती. काही एटी म्हणजे एचटीलाच मिशा काढलेल्या. काही खरंच दणकट, कडेच्या भिंतीत जादा थर असलेले. बाजूवर काय लिहिलंय ते वाचत बसू नका, खांद्यावर हात फिरवा. जिथे टायर जमिनीवरून भिंतीकडे वळतो तिथे ठोकळे खाली उतरले असतील तर तो कामाचा एटी. योकोहामाचा जिओलँडर, अपोलोचा ॲप्टेरा, सिएटचा क्रॉसड्राइव्ह, एमआरएफचा वाँडरर ही नावं दुकानात ऐकाल. तुमच्या साइझमध्ये यातला कुठला हातात मिळतो ते विचारा. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर बंधनं आली तेव्हापासून बाहेरच्या कंपन्यांचं 'मागवून देतो साहेब' फार वाढलं होतं. मागवलेला टायर फाटला की दुसरा कधी येईल, हा प्रश्न आधी विचारायचा.

धुऱ्यावरून · रात्री १०:३१

काटोलनाका भाऊ, वावर काळ्या मातीत हाय का मुरमाड? काळी असन तं कोन्ताच टायर कामाचा नाही. आमच्या नरखेडकडं जुलैमधी बैलगाडी फसते, तुमची स्कॉर्पिओ काय घेऊन बसले. काळी माती वली झाली का साबणावानी होते अन् टायरले अशी लपटते का खाच कुठं अन् ठोकळा कुठं काई समजत नाही. एटीच्या खाचा दोन फेऱ्यांत बुजतात. मंग तुमचा महागाचा टायर अन् माया सायकलचा टायर सारखाच.

अन् आणखी एक सांगतो, हे कोनी दुकानदार सांगत नाही. चिखल चार महिने, काटा आठ महिने. बाभळीचा काटा तं हायच. पण तूर कापल्यावर जे खुंट उभे रायतात ते पाह्यले का? विळा तिरपा चालते, त्याच्यानं खुंट भाल्यासारखा होते. वाळला का लोखंड. गाडी वळवाले कोनी वावरात घातली का टायर गेलाच समजा.

रबरबुवा · रात्री १०:४०

धुऱ्यावरून, दंडवत. खुंटाने फाटलेले ट्रॅक्टरचे टायर पाहिलेत, कारचा विचारच केला नव्हता. यात भर एवढीच: जमिनीला टेकणाऱ्या भागात टोचलं तर पंक्चर काढता येतं, कडेच्या भिंतीला भोक पडलं तर टायर भंगारात. भिंतीचं पंक्चर काढून देतो म्हणणाऱ्या पोट्ट्याला चहा पाजा आणि निघा.

डबलडेकर · २८ एप्रिल, सकाळी ८:०५

सर्वांचा एक मुद्दा राहून रायला. समृद्धी! सिमेंटचा रस्ता आहे, मे महिन्यात टायर वितळतात आणि फुटतात. एटी जाड असतो म्हणजे जास्त गरम होणार. माझ्या मते तर समृद्धीवर जाणाऱ्याने एटीचा विचारच करू नये.

वायफळचा_पाहुणा · सकाळी ८:३०

डबलडेकर, नाव काऊन ठेवलं बे असं, आणि उड्डाणपुलाखाली राहतोस की काय?

रबरबुवा · सकाळी ९:१२

सिमेंटमुळे टायर फुटतो हे मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की आता स्वप्नातही येतं. उन्हात काळं डांबर सिमेंटपेक्षा जास्त तापतं. मे महिन्यात दोन्हीवर अनवाणी उभे राहून बघा.

टायर फुटतो तो आतून तापल्यामुळे. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला कडेची भिंत दबते, उठते, दबते, उठते. तार वाकवत राहिलं की जशी गरम होते तसं. जुन्या रस्त्यावर दर १० किलोमीटरला गाव, गतिरोधक, म्हैस. टायरला श्वास घ्यायला मिळायचा. समृद्धीवर दोन-दोन तास सलग १२० चा काटा. त्यात गाडीत सात माणसं, टपावर सामान, टायर सहा वर्षांचा. खापर मात्र सिमेंटवर.

एटीबद्दल तुमचं म्हणणं अर्धं खरं. जाड रबर उष्णता धरून ठेवतं, म्हणून त्याला हवेची शिस्त जास्त लागते. हवा सकाळी, गाडी उभी असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरली आणि दुपारी टायर ६० अंशांवर गेला तर काटा ३८-३९ दाखवणार. लोक घाबरून तिथेच हवा काढतात, आणि हाच मूर्खपणा सगळ्यात धोक्याचा. टायर थंड झाला की तो २८ वर येतो आणि तुम्ही तसेच परत निघता.

डबलडेकर · सकाळी ९:४०

मागच्या मे मध्ये मी हेच केलं होतं. कारंज्याजवळ. काढली होती पाच. गप्प बसतो.

आणि नायट्रोजन भरला तर?

रबरबुवा · सकाळी ९:४४

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच फुकट आहे.

पेंचवारी · सकाळी ११:२०

माझी जिम्नी आहे, टायर १९५/८० आर १५, कंपनीने दिलेले एचटीच. पेंचच्या बाजूला, पारशिवनीच्या आतल्या रस्त्यांवर, उमरेडकडे, सगळीकडे फिरते. मुरूम आणि गिट्टीवर एचटीने मला कधीच अडवलं नाही. सगळे जण रुंद टायरच्या मागे असतात, पण वरून पातळ चिखल आणि खाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो आणि घसरतो. वाळूत उलटं, तिथे रुंद बरा.

दुसरं, हवा. कच्च्या रस्त्यावर मी २२ पर्यंत उतरवते. टायर पसरतो, दगडावर आपटत नाही, पकड वाढते. फक्त तेव्हा वेग बैलगाडीचा ठेवायचा आणि डांबरीवर चढताच पंप लावायचा. बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीतून कधीच काढत नाही. काटोलनाकादादा, नवीन टायरच्या आधी तो पंप घ्या.

कामठीकर_आजोबा · दुपारी १:०२

पेंचवारी बाईंनी बरोबर सांगितले. आमच्याकडे पूर्वी जुनी जीप होती, ६.००-१६ चे अरुंद टायर, त्यावर लष्करी नमुन्याचे जाड आडवे ठोकळे. पुढे जाताना जेवढी पकड, मागे येताना तेवढीच. फसल्यावर माणूस आधी मागेच येतो, हे त्या नमुना काढणाऱ्याला ठाऊक होते. कन्हानच्या पात्रापर्यंत जात असू. डांबरीवर मात्र ६० च्या वर गेले की सौभाग्यवती म्हणत, मला इथेच उतरवा.

तर्रीपोहे · दुपारी १:०६

आजोबा, आजींच्या मताला +१.

पोट्टा_बोलेरोवाला · दुपारी ३:४५

धाग्यात घुसतो, माफी. माझी बोलेरो, २१५/७५ आर १५. सगळे म्हणून रायले २३५/७५ टाक, मस्त भरल्यासारखी दिसते. टाकू का?

रबरबुवा · दुपारी ४:३०

आधी गणित कर. २१५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७०३ मिलीमीटर, २३५/७५ चा ७३३. तीस मिलीमीटर वाढला, म्हणजे गाडी उंच झाली फक्त पंधराने, कारण टायरचा अर्धाच भाग धुरीच्या खाली असतो. चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठं. काटा १०० दाखवेल तेव्हा तू १०४ ला असशील. समृद्धीवर काटा ११८ दाखवत असताना कॅमेऱ्याला तू १२३ ला दिसशील. पहिल्या गिअरचा जोर तेवढाच कमी, आणि तोच तुला चिखलात पाहिजे असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासतं का ते वेगळंच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हे गाडीत केलेल्या फेरबदलांबद्दल आहे. उद्या ठोकलीस आणि विमा कंपनीने टायरवरून खुसपट काढलं, तर भरल्यासारखी गाडी रिकामी करून जाईल.

पोट्टा_बोलेरोवाला · दुपारी ४:३३

हाओ काका. नाही टाकत. पण दिसते मस्त.

सिव्हिलवाला_धरमपेठ · सायंकाळी ७:१८

काटोलनाका, एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ३ किलोमीटर पांदणीत गाडी फसते नेमकी कुठे?

काटोलनाका_७२ · रात्री ८:५०

अरे बापरे, एका दिवसात एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. धुऱ्यावरून, माती काळीच. पेंचवारीताई, पंप उद्याच घेतो.

सिव्हिलवाला, प्रश्न नेमका. तीन्ही वेळा एकाच जागी फसलो (हो, तीन वेळा, वर एकच सांगितली). नाल्याच्या अलीकडे उतार आहे, वरच्या वावरांचं पाणी तिथे साचतं. अंदाजे २०० फूट. बाकी पांदण चिकट आहे, पण डुलत-डुलत निघते.

सिव्हिलवाला_धरमपेठ · रात्री ९:२५

मग हा टायरचा प्रश्नच नाही. हिशोब करा. संपूर्ण ३ किलोमीटरवर १० फूट रुंद, अर्धा फूट जाड मुरूम घालायचा तर सुमारे ४९२ ब्रास. ते तुमच्या माझ्या बसचं नाही, त्यासाठी २०२१ ची मातोश्री पाणंद रस्त्यांची योजना आहे, ग्रामपंचायतीच्या मागे लागा. पण फक्त तुमचे २०० फूट? २०० गुणिले १० गुणिले अर्धा, १,००० घनफूट. १० ब्रास. टिप्परच्या तीन-चार खेपा. पाच धुरेकरी (बांधाला बांध लागून असलेले शेतकरी) वर्गणी काढतील तर नवीन टायरच्या संचापेक्षा कमीच माथ्यावर येईल. रॉयल्टीची पावती असलेलाच मुरूम घ्या. आणि आधी कडेने चर खोदून पाण्याला वाट द्या, नाहीतर मुरूम ऑगस्टपर्यंत नाल्यात.

धुऱ्यावरून · रात्री ९:४१

बराबर! इंजिनिअर असून कामाचं बोलला माणूस.

डबलडेकर · रात्री ९:५५

टायरच्या धाग्यावर मुरूम. उद्या 'संत्र्याला फवारणी कोणती' म्हणून विचाराल तर इथे स्टेपनी सांगतील.

मिहान_शिफ्टवाला · २९ एप्रिल, पहाटे २:१०

रात्रपाळीत वाचतोय. मागच्या वर्षी मी शहरातल्या एका दुकानातून नामांकित कंपनीचे चार एटी घेतले (नावं नको). भाव मस्त मिळाला म्हणून घरी पेढे. आठ महिन्यांत खाचांच्या तळाशी भेगा. मग कोणीतरी कडेवरचा चार आकडी क्रमांक वाचायला शिकवलं. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्यावर होतं ३८१९. म्हणजे २०१९ सालच्या ३८व्या आठवड्यात बनलेला टायर मी २०२४ मध्ये 'नवीन' म्हणून घेतला होता. दुकानदार म्हणाला, साहेब, वापरलेला नाही ना? वापरलेला नव्हता. गोदामात म्हातारा झाला होता.

तो क्रमांक कधीकधी फक्त एकाच बाजूला असतो आणि बसवताना ती बाजू नेमकी आत जाते. बसवायच्या आधी बघा.

पेंचवारी · सकाळी ७:४०

वाचनखूण साठवली. आत्ता खाली जाऊन स्टेपनीसुद्धा बघून आले.

कामठीकर_आजोबा · सकाळी ८:१५

काटोलनाका यांची स्टेपनी नवीकोरी असेल तरी वर्ष बघावे. गाडी जुनी आहे म्हणता. आमच्या शेजाऱ्यांची स्टेपनी दहा वर्षे गाडीखाली लटकली होती, पहिल्याच गरजेला वीस किलोमीटरवर तिचे सालपट निघाले.

तर्रीपोहे · सकाळी ८:३१

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरीचं पाणी घरात आलं तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या थारला दणकट एटी होते. कार कव्हरसकट तरंगली. टायरने काही केलं नाही. सहज आठवलं.

काटोलनाका_७२ · १३ जुलै, रात्री ९:०२

धागा वर काढतोय, कारण टायर न दाखवता पळून जाणारे धागाकर्ते मलाही आवडत नाहीत.

आधी स्टेपनी. आजोबा, तुमच्या तोंडात साखर पडो. आकडा निघाला ०७१६. नऊ वर्षांची नवीकोरी! त्यामुळे चार नाही, पाच घेतले. साइझ तीच, २३५/६५ आर १७. पेंचवारीताईंचं ऐकलं असतं तर एचटीच घेतला असता. पण धुऱ्यावरूनभाऊंचे ते खुंट डोक्यातून जाईनात, म्हणून भिंतीत जादा थर असलेला मध्यम एटी घेतला. बसवायच्या आधी पाचही क्रमांक दुकानात बसून वाचले. पोट्टा वैतागला. सगळे २०२५ चे.

दोन महिन्यांचा अनुभव. आवाज ७० नंतर येतो, गाणं लावलं की जातो. सिमेंटवरच्या आडव्या खाचांवर जरा जास्त. सरासरी आधी साडेतेरा होती, आता पावणेतेरा. टायर जड आहेत, हिशोब धरूनच होतो. मनीषनगरच्या खड्ड्यांत गाडी आधीपेक्षा मऊ जाते, ते अपेक्षित नव्हतं. जूनमध्ये संभाजीनगरला जाऊन आलो. ५ तारखेला समृद्धी पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, त्यानंतर गर्दी वाढलीये. सकाळी हवा मोजली, दुपारी काटा ३८ वर गेला, हात खिशात ठेवले.

डबलडेकर · रात्री ९:१०

तो टोमणा मला होता. पोचला.

सिव्हिलवाला_धरमपेठ · रात्री ९:३३

मुरूम?

काटोलनाका_७२ · रात्री ९:४७

सांगतो. पाच धुरेकऱ्यांपैकी तिघांनी वर्गणी दिली, चौथा म्हणाला माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, मला काय गरज (हेच ते पाटील). पाचवा अजून विचार करतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात चर खोदला, दहा ब्रास टाकला, पाटलांच्याच ट्रॅक्टरने दाबून घेतला.

धुऱ्यावरून · रात्री ९:५०

अन्? पाऊस तं झाला ना तिकडं?

काटोलनाका_७२ · रात्री ९:५८

काल चांगला बरसला. आज सकाळी गेलो. हवा २४ केली, दुसऱ्या गिअरमध्ये हळू घातली. नाल्याजवळचे २०० फूट असे गेले जसा धरमपेठचा रस्ता. बायको बाजूला होती, ती पण काही बोलली नाही, म्हणजे कौतुकच.

मग त्याच्या पुढे, आंब्याच्या झाडाच्या वळणावर फसलो.

तर्रीपोहे · रात्री ९:५९

😂😂😂

काटोलनाका_७२ · रात्री १०:०४

चर खोदला ना, त्याचं पाणी तिकडे जाऊन बसलं. एटीच्या खाचा खरंच दोन फेऱ्यांत बुजल्या, धुऱ्यावरूनभाऊ, मोजल्या मी. पाटील आले. या वेळी ओढायच्या आधी फोटो काढला.

सिव्हिलवाला_धरमपेठ · रात्री १०:०६

नवीन जागा किती फूट?

काटोलनाका_७२ · रात्री १०:०७

दीडशे असेल.

सिव्हिलवाला_धरमपेठ · रात्री १०:०८

साडेसात ब्रास.